सोप्रानो व्हायचंय, पण विसाव्या वर्षी उशीर झाला का?

पत्र : मी वीस वर्षांची आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकले, ‘मध्यमा पूर्ण’ झाली आहे, पट्टी काळी चार. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या कॉयरमध्ये गेले आणि तिथून पाश्चात्त्य गायनाचं वेड लागलं. बाई म्हणतात, तू सोप्रानो आहेस, म्हणजे सर्वांत उंच जातीच्या स्त्रीगळ्याची. पाश्चात्त्य गायनाच्या परीक्षेची सहावी ग्रेड दिली. आता परदेशी जाऊन ऑपेरा शिकायचा आहे. ऑडिशनसाठी मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातल्या ‘रात्रीच्या राणी’चं गाणं व्हिडिओ ऐकून बसवते आहे. वरचा सूर लागतो, पण गेले तीन आठवडे सकाळी घसा बसलेला असतो. मला उशीर झाला का? रागांचा रियाज सोडावा का? आणि बाबा विचारतात, यातून पोट कसं भरणार? – एक वाचक, कोथरूड, पुणे

प्रिय मैत्रिणी,

पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहिलीस : तीन आठवडे घसा बसलेला. म्हणून सुरुवात तिथूनच.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घे आणि फोनवरच विचार, स्ट्रोबोस्कोपीची सोय आहे का. टॉर्च मारून घसा पाहिला तर लाल आहे की नाही एवढंच कळतं. स्वरतंतू सेकंदाला शेकडो वेळा थरथरतात. लुकलुकत्या प्रकाशात ती थरथर संथ झाल्यासारखी दिसते, आणि तंतूंच्या कडा नीट मिटतात का, कुठे सूज किंवा गाठ धरू लागली आहे का, हे तेव्हाच समजतं. गायकांच्या गाठी बहुधा तंतूचा पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे येतात, कारण आदळआपट तिथे सर्वांत जास्त. गाठ कोवळी असेल तर सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. व्हॉइस थेरपी आणि बोलण्या-गाण्याच्या सवयी बदलणं यावर भागतं. डॉक्टर पाहीपर्यंत राणी पूर्ण बंद. बोलणं कमी, आणि कुजबुजणं अजिबात नको. पुष्कळांचा घसा कुजबुजताना उलट जास्त आवळला जातो. मधूनमधून खाकरायची सवय असेल तर त्याऐवजी घोटभर पाणी पी.

ज्येष्ठमध, हळदीचं दूध, गुळण्या हे सगळं कर, बरं वाटतं. पण गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं. स्वरतंतूंवर थेंब पडला तर ठसकाच लागेल. तंतूंपर्यंत पोचते ती वाफ. सकाळी बसलेला आणि दहा-अकरापर्यंत सुटणारा घसा म्हटला की आम्लपित्ताचाही संशय घ्यावा लागतो. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेव, पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच कर आणि डॉक्टरांना हे मुद्दाम सांग. आवाज बसलेला असताना अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी मनाने घेऊ नकोस. सुजलेल्या तंतूत रक्तस्राव झाला तर प्रकरण महिन्यांवर जातं.

आता राणीकडे वळू. ‘वरचा सूर लागतो’ म्हणतेस, आणि तो लागत असेलही. त्या गाण्यातला सर्वांत वरचा सूर मधल्या सीच्या (पियानोच्या मधोमध असतो तो सी) वरच्या दोन सप्तकांपलीकडचा एफ आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४०० आंदोलनं. विशीतल्या हलक्या गळ्याला तो सूर स्पर्शून जाता येतो. प्रश्न त्या सुराचा नाहीच. मधल्या ओळी संतापाने, मध्य सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, वाद्यवृंदाच्या डोक्यावरून फेकायच्या असतात, आणि ती ताकद नसली की गायिका घसा आवळून ती उभी करते. मोझार्टने ही भूमिका आपल्या मेहुणीसाठी, योझेफा होफरसाठी लिहिली. १७९१ मध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. त्याच प्रयोगात पामिना, म्हणजे राणीची मुलगी, गायलेली आना गॉटलीब सतरा वर्षांची होती, हेही खरं. पण तिची गाणी वेगळी, नाट्यगृह लहान आणि तेव्हाची पट्टीही आजच्यापेक्षा जराशी उतरलेली. विशीतल्या मुलीने राणी घेऊन ऑडिशनला जाणं म्हणजे आपल्याला काय झेपतं ते कळत नाही, असं परीक्षकांना स्वतःहून सांगणं.

उशिराचं म्हणशील, तर व्हायोलिनवाल्याला विसावं वर्ष उशिराचं, सोप्रानोला नाही. बाईचा आवाज विशीत बसत जातो आणि पुढेही भरतो. परदेशी संगीत महाविद्यालयांत मुली अठराव्या वर्षी येतात, पण पहिली दोन-तीन वर्षं गाणी साधीच असतात. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येणाऱ्याही पुष्कळ असतात. तुझी पिछाडी आवाजात नाही. ती आहे स्वरलिपी वाचण्यात, भाषांत आणि पियानोवर, म्हणजे नेमकी ज्या गोष्टी घसा न वापरता शिकता येतात त्यांत. घसा विश्रांतीवर आहे, तर लगेच त्यांना लाग.

सोप्रानोचं सगळं शास्त्र एका गोष्टीतून निघतं : माइक नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या सुमारे ३,८०० खुर्च्यांपैकी शेवटच्या खुर्चीपर्यंत एकट्या गळ्याने, साठ-सत्तर वाद्यांच्या वरून पोचायचं. आपल्याकडेही संगीत नाटकं एके काळी माइकशिवायच व्हायची आणि ‘आवाजाची फेक’ हा शब्द तेव्हापासूनचा आहे. पण तिथे साथीला ऑर्गन आणि तबला, इथे अख्खा वाद्यवृंद. नुसता जोर लावून तो भेदता येत नाही. वाद्यवृंदाचा आवाज सर्वांत दाट असतो ५०० आंदोलनांच्या आसपास, आणि आपला कान सर्वांत तिखट असतो २,००० ते ४,००० च्या पट्ट्यात. घशाची आणि तोंडाची पोकळी अशी ठेवायची की आवाजातली वरची चमक त्या पट्ट्यात उमटेल, आणि उंच सुरांवर पोकळीचा स्वतःचा नाद सुराशी जुळेल. यालाच तिथले लोक ‘रेझोनन्स’ म्हणतात.

उंचावर शब्द का कळत नाहीत, याचंही उत्तर यातच आहे. बोलताना ‘ई’ आणि ‘ऊ’ यांचा पहिला नाद ३०० च्या आसपास असतो, ‘आ’चा ७०० ते ९००. तू वरचा ए गातेस, म्हणजे ८८०. तिथे शुद्ध ‘ई’ धरून ठेवलास तर सूर आपल्या नादाच्या कितीतरी वर निघून जातो. आवाज पातळ, किनरा होतो आणि मग घसा जोर करू लागतो. म्हणून वर जाताना जबडा मोकळा सोडायचा आणि ‘ई’ हळूहळू ‘ए’च्या, ‘ऊ’ ‘ओ’च्या, शेवटी सगळेच स्वर ‘आ’च्या दिशेने न्यायचे. किती न्यायचे हे प्रत्येक गळ्याचं वेगळं असतं. बाईंकडे दोन वर्षं जातात ती मुख्यतः यात.

आता तुझ्या पट्टीचं गणित मांडू. काळी चार म्हणजे जी शार्प. त्या सा वरून तुझा तार पंचम येतो डी शार्पवर, आणि सोप्रानोच्या गळ्यातला दुसरा सांधा नेमका तिथून सुरू होतो. डी शार्पपासून एफ शार्पपर्यंत आवाज एका ठेवणीतून दुसऱ्या ठेवणीत जातो. थोडक्यात, आठ वर्षांचा तुझा रियाज जिथे संपतो, तिथे सोप्रानोचं काम सुरू होतं. शिवाय खर्जाचा रियाज छातीच्या आवाजातला. त्यामुळे खालचा भाग कसलेला आणि वरचा कोवळा. खालची ठेवण ओढून वर न्यायची सवय हाच तुझ्यासारख्या मुलींचा नेहमीचा दोष, आणि राणी बसवताना बहुधा तेच झालं आहे.

रागाचा रियाज सोडू नकोस, पण वर्षभर खर्ज आणि गमक बाजूला ठेव. एकाच तासात दोन्ही ठेवणी घेऊ नकोस. सकाळी हे, संध्याकाळी ते, असं केलेलं चालतं. आलाप, पलटे, आकारातली तान ठेव. तानेचा दाणा तुला हेंडेलच्या गाण्यांत फार उपयोगी पडेल, फक्त प्रत्येक सुरामागचा धक्का काढून टाकावा लागेल. कानाचं मात्र एक सांगायला हवं. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला पियानोचा शुद्ध गांधार सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा वाटतो, आणि तो खरंच तेवढा चढा असतो. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तू तंबोऱ्याच्या गांधारावर उभी राहिलीस तर पियानोजवळ किंचित उतरलेली वाटशील. तंबोरा ॲप बंद करून, पियानोवर नुसता कॉर्ड धरून त्यात आपला सूर बसवायचा, रोज पाच मिनिटं.

कंपनाचंही तसंच. ‘ऑपेरासारखं’ वाटावं म्हणून मुली जबडा किंवा पोट हलवून कंप काढतात. खरा व्हायब्रेटो सेकंदाला पाच ते सात वेळा होतो, श्वास आणि घशाची मोकळीक जमली की आपोआप येतो आणि ओढून आणलेला लगेच ओळखू येतो. तुझा सरळ, आस असलेला सूर लाजण्यासारखा नाही. जुन्या संगीतात तर त्याला मागणी आहे.

डॉक्टरांनी परवानगी दिली की रोजचं काम असं ठेव. आधी पाण्यातला स्ट्रॉ : अर्ध्या ग्लास पाण्यात साध्या स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचं आणि बुडबुडे सोडत ‘ऊ’वर मींड खालून वर, वरून खाली. तीन-चार मिनिटं. पाण्याच्या दाबामुळे तंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. मग श्वास : चार मोजत घ्यायचा, बरगड्या बाजूंना उघडलेल्या राहू द्यायच्या, आणि ‘स्स्’ करत वीस मोजेपर्यंत सोडायचा. आठवड्यागणिक वीसचे तीस होतात. पाच वेळा पुरे. गरगरलं तर थांब. दमसास तुला आहेच, पण तो लांब आलापाचा आहे. इथे बरगड्या शेवटपर्यंत मिटू न देणं महत्त्वाचं, नाहीतर वाक्याच्या टोकाला घसा श्वासाचं काम करू लागतो.

मग ओठ फडफडवत सा रे ग म प म ग रे सा, मधल्या सीपासून अर्ध्या-अर्ध्या सुराने चढत वरच्या एपर्यंत आणि परत. ओठ बंद पडले की श्वास अडला किंवा जोर झाला, इतकी ही चाचणी सोपी आहे. त्यानंतर तुझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचं : वरून खाली. मधल्या सीच्या वरच्या सीपासून ‘ऊ’वर पाच सूर उतरायचे, वरची हलकी ठेवण खाली आणायची, आणि मधल्या सीजवळच्या एफच्या वर छातीचा आवाज शिरू द्यायचा नाही. हे कंटाळवाणं आहे आणि तुझ्या खालच्या कसलेल्या आवाजापुढे सुरुवातीला दुबळं वाटेल. सहा महिने दुबळं वाटू दे. शेवटी ‘आ’वर तुटक सा ग प सां प ग सा, उंच सीपर्यंत दोन-तीनदाच. एवढ्याला पंचवीस मिनिटं. मग अर्धा तास गप्प, मग वीस मिनिटं गाणं. संध्याकाळी हवं तर आणखी वीस. दिवसाला एकूण तास-सव्वा तासापेक्षा जास्त पूर्ण आवाजात गाऊ नकोस. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. चार-चार तासांच्या रियाजाच्या गोष्टी ऐकत मोठी झालेल्या मुलीला हे आळशीपणाचं वाटेल, याची कल्पना आहे.

बाकीचे तास भाषेला दे, कारण तिथे तुझी मातृभाषा तुला मोठी मदत करते. इटालियनमधला ‘टी’ आणि ‘डी’ म्हणजे आपले त आणि द. इंग्रजीच्या सवयीने ट, ड म्हणालीस की ऐकणाऱ्याला लगेच खटकतं. दुहेरी व्यंजनं आपल्या जोडाक्षरांसारखी थांबून म्हणायची : ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांत जो फरक, तोच तिथे अर्थ बदलतो. क, प, त यांत हवा नको, ख-फ-थ होता कामा नयेत. इटालियनमध्ये ‘सी’च्या पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ आला तर ‘चिमणी’मधला च, जर्मन ‘झेड’ म्हणजे ‘चोर’, ‘चांगला’ यांतला च. हे दोन च वेगळे आहेत हे मराठी मुलीला शिकवावं लागत नाही, हिंदी भाषकाला लागतं. अडेल ते वेगळं : इंग्रजी ‘एफ’साठी खालचा ओठ वरच्या दातांना लागायला हवा, आपला फ तिथे चालत नाही. जर्मनमधले उमलाउट स्वर आपल्याकडे नाहीतच. जीभ ‘ई’ची आणि ओठ ‘ऊ’चे ठेवून आरशासमोर एक स्वर कमवावा लागतो, जीभ ‘ए’ची आणि ओठ ‘ओ’चे ठेवून दुसरा. फ्रेंच अनुनासिकांसाठी कोकणी ऐक. आपण लिहिताना अनुस्वार देतो पण बोलताना गाळतो, कोकणी माणूस नाही गाळत. इटालियन आणि जर्मनचे वर्ग आताच लाव. जर्मन बी-१ किंवा बी-२ पातळीपर्यंत जायला दीड-दोन वर्षं लागतात, ती नंतर मिळणार नाहीत. पुण्यात जर्मन शिकायची सोय उत्तम आहे, हे तुझं नशीबच.

नवं गाणं व्हिडिओ ऐकून बसवणं बंद कर. चाळिशीतल्या गायिकेचा दाट, गडद आवाज कानात बसतो आणि आपण जिभेचं मूळ मागे ओढून तो नकळत नकलतो. स्वतःला तो भारदस्त वाटतो, सभागृहात तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही. बसवायचा क्रम वेगळा ठेव. आधी शब्द लिहून काढायचे आणि प्रत्येकाखाली मराठी अर्थ. मग मोठ्याने वाचन, मग तालात वाचन. मग पियानोवर सूर, घशाने नाही. मग व्यंजनं काढून नुसत्या स्वरांवर गायचं, वरच्या जागा सप्तकभर खाली. श्वासाच्या जागा पेन्सिलीने. सगळं पाठ झालं की मगच पूर्ण आवाज. एका गाण्याला तीन-चार आठवडे धर, आणि ऑडिशनला जे नेणार ते निदान सहा महिने गळ्यात मुरलेलं असू दे.

काय गायचं? जुनी इटालियन गाणी : काल्दारा, जोर्दानी, पाइझिएल्लो. दोन पानांची असतात, सोपी दिसतात आणि सगळे दोष उघडे पाडतात. पर्सेलची इंग्रजी गाणी. शुबर्टची दोन-तीन, फोरेची एखाद-दुसरी. हेंडेलचं एक, तानेसाठी. मोझार्टच्या ऑपेरांतल्या बार्बारिनाचं गाणं, मग झेर्लिनाचं. त्याच्याच ‘फिगारो’तल्या सुझान्नाचं शेवटच्या अंकातलं गाणं तीन वर्षांनी. ते खालच्या सुरांत रेंगाळतं, आणि शांत गाणं धरून ठेवणं आरडाओरड्यापेक्षा कठीण. पुच्चिनीचं लाउरेत्ताचं छोटं, बापाला विनवणारं गाणं तुला मोह घालेलच. वरचा सूर फक्त ए फ्लॅट. गळ्याला इजा करणार नाही, पण परीक्षकांनी ते त्याच आठवड्यात अनेकदा ऐकलेलं असतं. लिरिक, कोलोरातुरा, स्पिंतो हे सोप्रानोच्या पोटप्रकारांचे शिक्के आत्ताच लावून घेऊ नकोस. हलकी सोप्रानो, एवढं पुरे.

ग्रेडबद्दल थोडक्यात. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या सहावीपासून पुढे जायला थिअरीची पाचवी ग्रेड लागते, ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळाला ती अट नाही. तू कुठलीही देत असलीस तरी थिअरी कर. आठवी ग्रेड चांगल्या गुणांनी मिळाली तर अर्जावर बरी दिसते, पण प्रवेश त्यावर ठरत नाही. तो दहा-पंधरा मिनिटांच्या ऑडिशनवर ठरतो. सरगम येते म्हणून तुझं सोल्फा, म्हणजे दो-रे-मी म्हणत सूर वाचणं, अर्धं झालेलंच आहे. फक्त लक्षात ठेव, इटली-फ्रान्समध्ये ‘दो’ म्हणजे कायम सी, आपल्या सा सारखा तो हलत नाही.

बाईंखेरीज तुला एक पियानोवाला किंवा पियानोवाली लागेल, आठवड्याला एक तास. रेकॉर्ड केलेली साथ तुझ्या श्वासासाठी थांबत नाही. तिच्यावर वाढलेल्या मुली ऑडिशनला पियानोच्या मागे धावतात. पुण्यात कोणी न मिळाल्यास महिन्यातून दोनदा मुंबई गाठ. तिथे एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे; ऑपेराचा प्रयोग किंवा नाताळाआधीचा ओरातोरिओ (धार्मिक कथेवरची, अभिनयाविना गायली जाणारी मोठी रचना) जाऊन ऐक, आणि मागच्या रांगेत बस. गोव्यात कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग आहे. मुंबईत जन्मलेल्या गोवेकर सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकल्या, जॉन टॅव्हनरसारख्या संगीतकाराने त्यांच्या आवाजासाठी रचना केल्या, आणि पुढे त्यांनी भारतातल्या तरुण गळ्यांसाठी शिबिरं घेतली. असल्या शिबिरांत जायची संधी सोडू नकोस. परदेशी कान तुझ्याबद्दल काय म्हणतो, ते विमानाच्या तिकिटाआधी कळतं.

आता परदेश. बी.कॉम. पूर्ण कर; हे बाबांसाठी नाही, पदवी हातात असेल तर पदव्युत्तरचा रस्ता उघडा राहतो म्हणून. ब्रिटनमधल्या बहुतेक संगीत महाविद्यालयांचे अर्ज युकास कॉन्झर्व्हेटॉयर्स या सामाईक अर्जव्यवस्थेमार्फत जातात आणि मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला संपते. आपल्याकडे बारावीनंतर जूनमध्ये जाग येते, तोवर पुढच्या वर्षीचीच वाट पाहायची. परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला २५,००० पौंडांच्या आसपास किंवा वर, राहणं वेगळं. अमेरिकेत आधी व्हिडिओ मागवतात : एकाच कॅमेऱ्यावर, न तोडता-जोडता, चेहरा आणि हात दिसतील असा, पियानोच्या जिवंत साथीवर. खोलीत प्रतिध्वनीचा इफेक्ट घालू नकोस. फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेत १९२८ पासून फी नाही, पण जागा मोजक्या.

पैशाचा विचार केला तर आमचं झुकतं माप जर्मनीला. सरकारी म्युझिक होखशूलांत, म्हणजे संगीत महाविद्यालयांत, बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम अडकवून ठेवावी लागते, ती २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो आहे. काही होखशूलांना गायनासाठी वयाची अटही असते, ती आधी वाच. प्रवेश परीक्षेत गाण्याबरोबर कानाची परीक्षा, थिअरी आणि थोडा पियानो असतो. गाणं आवडूनही मुली इथे अडकतात.

बाबांना काय सांगायचं? खरं तेच. भारतात पगारी ऑपेरा मंडळी नाही. इथे राहून गाणाऱ्या सोप्रानोचं घर मुख्यतः शिकवण्यावर चालतं, जोडीला कॉयर, चर्चमधली लग्नं, ध्वनिमुद्रणं. जर्मनीत मात्र सरकारी पैशावर चालणारी, स्वतःचा ऑपेरा असलेली ऐंशीच्या आसपास नाट्यगृहं आहेत आणि ती गायकांना महिन्याच्या पगारावर ठेवतात. तिथल्या करारानुसार एकल गायकाचं किमान मासिक वेतन २०२३ च्या जानेवारीपासून २,७१५ युरो झालं, कर कापण्याआधी. पुढे त्यात वाढ होत गेली. करार एक-दोन वर्षांचे असतात, आणि पुढच्या मोसमात नको असेल तर नाट्यगृहाला ते ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं. पहिल्या वर्षी तुला सुझान्ना मिळणार नाही. दासी, परी, तीन बायकांतली एक, मुलांसाठीचे सकाळचे प्रयोग, आणि मोठीला ताप आला तर तिची जागा. त्या आधीची पायरी म्हणजे ऑपेरा स्टुडिओ, नाट्यगृहातली तरुण गायकांची उमेदवारी, साधारण पंचविशी ते तिशीच्या सुरुवातीपर्यंत, कमी मानधनावर. कॉयरची नोकरी एकल गायनापेक्षा जास्त टिकाऊ असते. तिला कमी लेखणाऱ्यांचं ऐकू नकोस. मात्र तिथून एकल गायनाकडे परतणं क्वचित होतं, हे जाणून ती घे. जर्मन पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने राहता येतं, आणि सरकारी रोजगार खात्याची कलाकारांसाठीची शाखा गायकांची चाचणी फुकट घेते. खासगी एजंट नाव नोंदवायलाच पैसे मागू लागला तर उठून ये.

ऑडिशनला पाच गाणी लागतात : इटालियन, जर्मन, फ्रेंच, एक मोझार्ट, एक विसाव्या शतकातलं किंवा इंग्रजी. पहिलं तू निवडतेस, दुसरं ते. पहिलं सर्वांत अवघड नको; ताप असतानाही गाता येईल ते. स्वरलिपीची पानं पाठपोट चिकटवून फाइलमध्ये, उलटायला सोपी, गाळलेल्या जागा ठळक. पियानोवाल्याला लय चुटक्या वाजवून दाखवू नकोस, उद्धट वाटतं. पहिल्या दोन मात्रा हळू गाऊन दाखव. ‘धन्यवाद’ म्हणून पहिल्या गाण्यानंतर थांबवलं, तर त्याचा अर्थ लावत बसू नकोस. कधी त्यांना जेवायला जायचं असतं.

या वर्षापुरतं इतकंच : डॉक्टर या आठवड्यात, जर्मनचा वर्ग पुढच्या महिन्यात, थिअरीची पाचवी पुढच्या सत्रात. आणि तपासणीचं चित्रीकरण पेन ड्राइव्हवर मागून घे, ते बहुतेक ठिकाणी देतात. निरोगी असतानाचं एक चित्रीकरण जवळ असलं की पुढे कधी घसा बिघडला तर डॉक्टरांना ताडून पाहता येतं. म्हणून घसा पूर्ण बरा झाला की आणखी एकदा जाऊन तेही करून घे.